तीन जुने प्रबंध व आजचें विद्यार्थिसंशोधन

विद्यापीठ अनुदान आयोगानें इ. स. २०२२ च्या डिसेंबरांत पदवीच्या अभ्यासक्रमाचा जो नवा आराखडा प्रसिद्ध केला, त्यांत चौथ्या वर्षीं संशोधनास स्वतंत्र जागा दिली आहे. पहिल्या सहा सत्रांत शेंकडा ७५ वा त्याहून अधिक गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्यास हें वर्ष संशोधनासह पुरें करतां येतें, व त्यांतील प्रकल्पास १२ श्रेयांक ठेविले आहेत. एका श्रेयांकास ३० तास धरिले तर हे ३६० तास झाले. विषय इतिहास असो, रसायन असो कीं गणित असो, एकवीस-बावीस वर्षांच्या विद्यार्थ्याच्या हातीं एका प्रश्नासाठीं ३६० तास द्यावयाचे, ही गोष्ट लहान नव्हे. ते तास कसे खर्ची पडतात याची चौकशी इतिहाससंशोधनाच्या त्रैमासिकासहि अप्रस्तुत ठरूं नये.

पदवी व पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे लघुप्रबंध वाचण्याचा व प्रदर्शनांत लाविलेलीं त्यांचीं भित्तिपत्रकें पाहण्याचा प्रसंग आम्हांस अनेकदां आला आहे. बांधणी बहुधा निर्दोष असते. प्रस्तावना, उद्दिष्टें, गृहीतकें, व्याप्ति व मर्यादा, संशोधनपद्धति, विश्लेषण, निष्कर्ष व शिफारशी, अशीं प्रकरणें ओळीनें येतात. शीर्षकाच्या शेवटीं 'एक चिकित्सक अभ्यास' हे शब्द ठरलेले. चिकित्सा आंत सांपडली नाहीं तरी निदान मुखपृष्ठावर असावी, अशी ही सोय दिसते. विज्ञानशाखेंत तऱ्हा निराळी, पण जात तीच. एखाद्या वनस्पतीच्या पानांचा अर्क काढून तो नेहमींच्या दोन जंतूंवर घालून पाहावयाचा, किंवा त्याच अर्कानें चांदीचे अतिसूक्ष्म कण तयार करावयाचे. पुढच्या वर्षीं पुढच्या विद्यार्थ्यानें दुसऱ्या झाडाचीं पानें आणावयाचीं. झाड बदलतें; वाक्यें सहसा बदलत नाहींत.

या लेखनांत चोरी फार असते, अशी तक्रार सर्वत्र ऐकूं येते. इ. स. २०१८ च्या नियमांनीं शेंकडा १० पर्यंतचें साम्य दंडास पात्र नाहीं असें ठरवून दिलें आणि तें मोजण्यास यंत्रेंहि आलीं. आतां तर निबंधच्या निबंध यंत्राकडून लिहवून घेण्याची सोय झाली आहे, व तो मजकूर साम्याच्या मोजणींत सहज सुटूं शकतो. परंतु आमची तक्रार याहून वेगळी आहे. जे विद्यार्थी एक शब्दहि उसना घेत नाहींत त्यांच्या प्रबंधांतसुद्धां आम्हांस एक उणीव वारंवार दिसते. त्यांचा प्रश्नच असा मांडलेला असतो कीं त्याचें उत्तर उलट येण्यास वावच राहूं नये. 'अमुक संतांच्या वाङ्मयांत समाजप्रबोधन आढळतें' हें गृहीतक घेऊन जो निघाला, त्यास तें आढळणारच. इंग्रजींत ज्यास हायपॉथेसिस म्हणतात त्यासाठीं आपण मराठींत 'गृहीतक' हा शब्द योजिला, आणि विद्यार्थ्यांनीं तो अक्षरशः घेतला. जें तपासावयाचें तें त्यांनीं धरूनच चालण्याचें ठरविलें. शेवटच्या प्रकरणांत 'सर्व गृहीतकें सिद्ध झालीं' हें वाक्य आलें कीं आमची शंका दृढ होते.

विद्यार्थ्याकडून याहून अधिक अपेक्षा करणें अन्याय्य आहे, असें कोणी म्हणेल. म्हणून आम्हीं मराठी माणसांनीं विद्यार्थिदशेंत केलेलें तीन कामें पुन्हां वाचावयास घेतलीं. तिघांचेंहि वय त्या वेळीं पंचविशीच्या आसपास होतें. पुढें हे तिघे कोण झाले तें वाचकांस माहीत आहे. पण येथें तें विसरून, केवळ विद्यार्थ्याचा प्रबंध म्हणूनच तीं कामें पाहावयाचीं आहेत.

पहिला प्रबंध श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा. ज्ञानकोशकार होण्यापूर्वींचे हे केतकर इ. स. १९०६ मध्यें अमेरिकेस गेले, आणि कॉर्नेल विद्यापीठांत शिकत असतां त्यांनीं हिंदुस्थानांतील जातींच्या इतिहासावर लिहिलेला ग्रंथ इ. स. १९०९ मध्यें प्रसिद्ध झाला. ग्रंथाचें नांव मोठें, पण उपशीर्षकानें त्यास आवर घातला आहे. मनुस्मृतीचा काळ इसवी सनाचें तिसरें शतक धरून, त्या काळच्या समाजस्थितीविषयीं त्या एका ग्रंथाची साक्ष काय, एवढेंच त्यांनीं तपासावयास घेतलें. एक ग्रंथ, एक काळ. बूलरनें मनुस्मृतीचा काळ इ. स. पूर्वीं दोनशें ते इ. स. दोनशें असा सैल ठेविला असतां पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें तो पुढें ओढावा, हें धाडस होतें. पॅट्रिक ऑलिव्हेल यांनीं इ. स. २००५ मध्यें काढलेल्या चिकित्सित आवृत्तींत दुसऱ्या-तिसऱ्या शतकाकडेच कल दाखविला आहे. धर्मशास्त्रांतील विधि म्हणजे समाजाचें चित्र नव्हे, हा आक्षेप केतकरांच्या पद्धतीवर घेतां येतो व आम्हीहि तो घेतों. स्मृतिकार जें वारंवार निषिद्ध ठरवितो तें लोकांत चालू असलें पाहिजे, असेंहि म्हणतां येईल. पण आक्षेप घेण्याजोगें ठाम विधान तेथें आहे, हेंच त्या प्रबंधाचें मोल.

तो आक्षेप सात वर्षांच्या आंतच दुसऱ्या एका मराठी विद्यार्थ्यानें घेतला. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीं दिलेल्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या वृत्तीवर भीमराव आंबेडकर इ. स. १९१३ पासून न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत शिकत होते. त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र. ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार व वसूल यांवरील त्यांचा एम्. ए. चा प्रबंध इ. स. १९१५ चा आहे. ९ मे १९१६ रोजीं त्यांनीं गोल्डनवायझर या मानवशास्त्रज्ञाच्या चर्चावर्गांत जातिसंस्थेची घटना, उत्पत्ति व वाढ यांवर निबंध वाचला, आणि तो पुढील वर्षीं इंडियन अँटिक्वेरींत छापला गेला. म्हणजे हा निबंध परक्या विषयाच्या वर्गांत वाचलेला. आजच्या भाषेंत बोलावयाचें तर तो एक वर्गपाठ होता.

निबंधाची चाल पाहण्याजोगी आहे. आरंभीं सेनार, नेसफील्ड, रिस्ले व केतकर या चौघांच्या जातीच्या व्याख्या घेतल्या आहेत. सेनारच्या व्याख्येंतील विटाळ हें जातीचें मूळ लक्षण नसून पुरोहितवर्गाच्या संबंधानें आलेली गोष्ट आहे. बाहेरच्याशीं सहभोजन नसणें यास नेसफील्डनें कारण मानिलें, पण तें कार्य आहे. रिस्लेच्या व्याख्येंत नवें कांहींच नाहीं. केतकरांविषयीं मात्र सूर बदलतो. घरचा माणूस असून मोकळ्या मनानें लिहिणारा, असा मान देऊन आंबेडकर म्हणतात कीं, जन्मानेंच सभासदत्व आणि बाहेर विवाहास बंदी, हीं जीं दोन लक्षणें केतकरांनीं सांगितलीं तीं दोन नव्हेतच. एकाच नाण्याच्या त्या दोन बाजू आहेत. विवाह आंतच व्हावयाचा असेल तर जन्मावांचून आंत येण्याचा मार्गच उरत नाहीं. चौघांच्या व्याख्यांतून एकच लक्षण शिल्लक राहिलें, तें अंतर्विवाहाचें. पुढचा सर्व युक्तिवाद या एका लक्षणावर उभा आहे. बहिर्विवाह पाळणाऱ्या समाजावर अंतर्विवाह लादावयाचा तर गटांतील स्त्रीपुरुषांची संख्या सारखी राहिली पाहिजे. नवरा मेला कीं एक स्त्री अधिक होते, बायको मेली कीं एक पुरुष. अधिक झालेल्या स्त्रीची वाट लावण्यास सती व सक्तीचें वैधव्य. अधिक झालेल्या पुरुषास विवाहयोग्य वयाच्या खालून वधू, म्हणजे बालविवाह. ज्या चालींचें समर्थन तोंवर धर्मानें वा भावनेनें केलें जात होतें, त्यांचा हिशेब या विद्यार्थ्यानें मांडला.

यावर महाराष्ट्रांतील वाचकास तत्काळ सुचणारा आक्षेप असा कीं, आमच्याकडील बहुतेक जातींत पाट चालत होता, तरी त्या जाती अंतर्विवाहीच होत्या. मग वैधव्य हें जातीचें साधन कसें? आंबेडकरांनीं हा आक्षेप अगोदरच ओळखला आहे. अनुकरणाचें तत्त्व पुढें करून ते म्हणतात कीं, जे वर्ग ब्राह्मणांच्या निकट होते त्यांनीं तिन्ही चाली उचलल्या. त्यांहून दूर असलेल्यांनीं वैधव्य व बालविवाह. आणखी दूरच्यांनीं केवळ बालविवाह. आणि जे सर्वांत दूर, त्यांनीं जातीवरील श्रद्धा तेवढी घेतली. हें विधान तर्कानें सुंदर आहे, पण त्यास आधार म्हणून एकहि सालवार नोंद निबंधांत नाहीं, आणि हा त्या निबंधाचा खरा दोष आहे. न्यूयॉर्कमध्यें बसलेल्या विद्यार्थ्यास त्या नोंदी मिळणें शक्यहि नव्हतें. आपलें मत अग्राह्य ठरल्यास तें सोडून देण्याची तयारी मात्र त्यानें निबंधाच्या शेवटीं स्पष्ट बोलून दाखविली आहे.

त्या नोंदी आपल्याकडे आहेत. येथें आम्ही जरा थांबूं इच्छितों, कारण आमच्या मतें चौथ्या वर्षाच्या ३६० तासांस शोभेल असा प्रकल्प येथें वाट पाहत पडला आहे. विधवेच्या पाटावर मराठी राज्यांत 'पाटदाम' नांवाचा कर घेत. परगण्याच्या हिशेबांत ही बाब येते. पुण्याच्या पेशवे दफ्तरांत असे हिशेब हजारो रुमालांत बांधलेले आहेत, सरदेसायांनीं इ. स. १९३० ते १९३४ या काळांत त्यांतून निवडून ४५ भाग छापले, पण निवड राजकारणाच्या दृष्टीनें अधिक झाली, कर-बाबींचे कागद बहुतेक तसेच राहिले. एखाद्या विद्यार्थ्यानें मोडी वाचावयास शिकावें, एक परगणा घ्यावा, वीस वर्षांचा काळ घ्यावा, आणि पाटदामाच्या नोंदी जातवार मोजाव्या. ब्राह्मणांच्या निकट मानल्या गेलेल्या जातींच्या नोंदी काळाबरोबर घटतात काय? घटत असतील तर अनुकरणाच्या सिद्धांतास प्रथमच आंकड्यांचा आधार मिळेल. न घटल्यास, किंवा दूरच्या म्हटलेल्या जातींतच त्या अगोदर घटल्यास, सिद्धांत दुरुस्त करावा लागेल. सोनारांनीं ब्राह्मणांप्रमाणें 'नमस्कार' म्हणावें कीं न म्हणावें, हा वाद इ. स. १७७९ मध्यें मुंबईच्या इंग्रज कौन्सिलापर्यंत गेला होता. म्हणजे वरच्याच्या चाली उचलण्याची धडपड त्या काळीं कागदोपत्रीं दिसते. पण नमस्कार निराळा आणि घरांतील विधवेचें आयुष्य निराळें. एकावरून दुसऱ्याचें अनुमान करणें धोक्याचें आहे, मोजूनच पाहिलें पाहिजे.

या कामांत अडचणी आहेत, त्याहि सांगितल्या पाहिजेत. नोंदींत जात दिली नसेल तर नांवावरून तर्क करण्याचा मोह होईल; तो आवरावा लागेल. सालोसालची रक्कम एकठोक लिहिली असेल तर मोजणीच खुंटेल, व दुसरा परगणा शोधावा लागेल. नोंद घटली म्हणजे पाट घटला, कीं कर चुकविणें वाढलें, हा प्रश्न राहीलच. संख्याशास्त्राचा विद्यार्थी बरोबर घेतल्यावांचून यांतील कांहीं भाग सुटणार नाहीं. मानव्यविद्या व विज्ञान यांचा संगम करावा असें हल्लीं पुष्कळ बोललें जातें. तो बहुधा एखाद्या परिसंवादाच्या नांवांतच राहतो. येथें त्याची गरज कामांतूनच उत्पन्न होते. तीच गोष्ट दुष्काळांची. पुण्याच्याच उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेंत सागाच्या खोडांतील वर्षवलयें मोजून मागील शतकांतील पावसाचा अंदाज बांधण्याचें काम झालें आहे. पेशवाईंतील साऱ्याच्या सुटीच्या नोंदी त्या वलयांशेजारीं ठेवून पाहणें हा दुसरा एक प्रकल्प होऊं शकेल.

आतां तिसरा प्रबंध. इरावतीबाई कर्वे यांस मुंबई विद्यापीठांत घुर्ये यांच्या हाताखालीं काम करण्यास जी वृत्ति मिळाली ती दक्षिणा फेलोशिप होती. श्रावणमासीं विद्वान् ब्राह्मणांस वांटल्या जाणाऱ्या पेशवेकालीन दक्षिणेंतून इ. स. १८२१ ची पुण्याची संस्कृत पाठशाळा निघाली. त्याच नांवाची वृत्ति शंभर वर्षांनीं एका स्त्रीस चित्पावन ब्राह्मणांचाच मानवशास्त्रीय अभ्यास करण्यास उपयोगी पडली. इतिहासाच्या वाचकास याची मौज वाटल्यावांचून राहणार नाहीं. तो एम्. ए. चा प्रबंध इ. स. १९२८ चा. पण आम्हांस येथें त्यानंतरचा, बर्लिनचा प्रबंध अभिप्रेत आहे. कैसर विल्हेल्म संस्थेच्या मानवशास्त्र विभागाचे प्रमुख ओयगेन फिशर हे त्यांचे मार्गदर्शक. मनुष्याच्या कवटीच्या दोन बाजू सारख्या नसतात. ही असमानता गोऱ्या यूरोपियांत अधिक असावी व तिचा संबंध त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीशीं असावा, अशी फिशर यांची कल्पना. इरावतीबाईंनीं १४९ कवट्या मोजल्या. वंश आणि असमानता यांचा कांहीं संबंध त्यांस आढळला नाहीं, व तसें त्यांनीं लिहून दिलें. इ. स. १९३० मध्यें त्यांस पदवी मिळाली. श्रेणी मात्र हलकी दिली गेली, असें ऊर्मिला देशपांडे व थियागो पिंटो बार्बोझा यांनीं इ. स. २०२४ मधील त्यांच्या चरित्रांत नमूद केलें आहे. हे फिशर पुढें नात्सी वंशनीतीचे आधारस्तंभ झाले.

या प्रबंधाचीहि टीका केली पाहिजे. त्यांतील कवट्यांपैकीं पूर्व आफ्रिकेंतून आणलेल्या कवट्या तेथील लोकांस विचारून आणलेल्या नव्हत्या. वसाहतींच्या सत्तेनें त्या बर्लिनला पोंचल्या. मोजणीचें उत्तर इरावतीबाईंनीं नाकारलें, परंतु मोजणीच्या पद्धतीवरील विश्वास सोडला नाहीं. महाराष्ट्रांत परतल्यावर जातींच्या शरीरमापनाचें काम त्यांनीं पुष्कळ वर्षें चालविलें. मार्गदर्शकाच्या उत्तरापासून सुटणें एक, त्याच्या प्रश्नापासून सुटणें दुसरें. तथापि पंचविशींतील परदेशस्थ विद्यार्थिनीनें, ज्याच्या सहीवर पदवी अवलंबून आहे त्या माणसाच्या आवडत्या कल्पनेविरुद्ध आंकडे ठेविले, आणि ते फिरविले नाहींत. आजच्या आमच्या विद्यापीठांत असा प्रबंध आला तर त्याचें काय होईल, हा विचार प्रत्येक मार्गदर्शकानें एकांतांत करून पाहावा.

प्रयोगशाळा नाहीं, उपकरणें नाहींत, म्हणून विज्ञानांत कांहीं करतां येत नाहीं, अशीहि एक सबब ऐकूं येते. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांस फर्ग्युसन कॉलेजांत विद्यार्थी असतां इ. स. १९२७ मध्यें स्वतंत्र गणिती कामाबद्दल रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालें. त्यांस पुढें पदव्युत्तर शिक्षण लाभलें नाहीं. देवळालीस शाळाशिक्षक म्हणून त्यांचें आयुष्य गेलें. चार अंकांची संख्या घ्या, सर्व अंक सारखे मात्र नकोत. अंक उतरत्या क्रमानें मांडून त्यांतून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, आणि आलेल्या बाकीवर तीच क्रिया पुन्हां करा. फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येते, हा त्यांचा इ. स. १९४९ चा शोध पुढें जगभर गेला. त्यांचें जन्मवर्ष १९०५ घेतलें तर पुरत्या सात पायऱ्या लागतात, हें आम्हीं स्वतः कागदावर करून पाहिलें. साहित्य म्हणावें तर कागद व पेन्सिल.

हे लोक असामान्य होते. सर्वसाधारण विद्यार्थ्यास त्यांच्या पंक्तीस बसवूं नये, हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. पण त्यांच्या कामांतील जी गोष्ट आम्ही दाखवीत आहों ती बुद्धीची नसून व्यवस्थेची आहे. केतकरांनीं एक ग्रंथ निवडला, इरावतीबाईंनीं १४९ वस्तु मोजल्या; मर्यादा आंखली होती, म्हणूनच चूक दिसूं शकली. दुसरें असें कीं, आंबेडकरांस केतकरांचा ग्रंथ हातांत घेऊन खोडतां आला. आज पीएच्. डी. चे प्रबंध 'शोधगंगा' या संग्रहांत कोणासहि वाचतां येतात, ही मोठी सोय झाली. पण पदवीच्या प्रकल्पांस असें स्थान नाहीं. ते महाविद्यालयाच्या कपाटांत जातात. मागच्या वर्षींच्या विद्यार्थ्यानें काय मोजलें हें यंदाच्या विद्यार्थ्यास कळत नाहीं, मग तो तेंच पुन्हां मोजतो, किंवा मोजल्यासारखें लिहितो. मार्गदर्शकांचीहि एक बाजू आहे. ज्याच्या गळ्यांत एकाच वर्षीं अनेक विद्यार्थी बांधले जातात, तो प्रत्येकास निराळा प्रश्न कोठून देणार? ठरीव सांचा हा त्याचा नाइलाजहि असतो.

आणि आमच्यासारख्या इतिहाससंस्थांचा दोष आम्हीं लपवूं नये. विद्यार्थी मूळ कागदांकडे वळत नाहींत असें आम्ही म्हणतों. पण तो दारांत आला तर त्यास कोणता रुमाल द्यावा हें सांगणारी विषयवार यादी किती संस्थांजवळ तयार आहे? मोडीचे वर्ग भरतात, मुलें उत्साहानें येतात, प्रमाणपत्र घेऊन जातात. वर्ग संपल्यावर त्यांच्या हातीं वाचावयास कागद दिला जात नाहीं. प्रत्येक वर्गाच्या शेवटीं प्रत्येक विद्यार्थ्यास अप्रकाशित हिशेबाचीं वीस पानें देऊन त्यांचें देवनागरी लिप्यंतर करून घ्यावें, व तें तपासून त्याच्या नांवानिशीं संस्थेंत ठेवावें, एवढें तरी आम्हांस करतां येण्यासारखें आहे. पांच वर्षांत पाटदामाच्या प्रकल्पापुरती सामग्री जमेल.

विद्यापीठांस आमची सूचना याहूनहि लहान आहे. प्रकल्पाच्या तपासणीच्या तक्त्यांत मांडणी, संदर्भ, भाषा, सादरीकरण यांस गुण असतात. त्यांत आणखी एक रकाना घालावा : काम सुरू करतांना विद्यार्थ्याची काय समजूत होती, आणि सामग्री पाहिल्यावर तींतील काय बदललें. ही समजूत पहिल्याच आठवड्यांत लिहवून घेऊन मोहोरबंद ठेवावी, म्हणजे शेवटीं ती सोयीप्रमाणें फिरवितां येणार नाहीं. आणि बाहेरच्या परीक्षकानें तोंडी परीक्षेच्या वेळीं ती विद्यार्थ्यासमोर उघडून प्रथम तेवढीच वाचावी.